पिकअपच्या हौद्याला अस्तर कोणते लावावे?

नवी पिकअप घेणारा मनुष्य इंजिनाची ताकद, कर्जाचा हप्ता, टायरांची जात आणि गाडीचे ॲव्हरेज यांची जितक्या चिकाटीने चौकशी करतो, तितक्या चिकाटीने तो हौद्याच्या तळाची चौकशी करीत नाही. आणि वास्तविक पाहता, ज्या जागेच्या भरवशावर त्या गाडीची सारी कमाई उभी राहावयाची, ती जागा म्हणजे तो रंग दिलेला पत्र्याचा तळच होय. नारायणगावच्या टोमॅटोचे क्रेट, लासलगावचा कांदा, देवगडच्या हापूसच्या पेट्या, खताच्या गोण्या, जांभ्याचे चिरे, बाजाराच्या दिवशी शेळ्या आणि परतीच्या खेपेला कोणाच्या तरी घरबांधणीच्या सळया, असा परस्परांशी कसलाही संबंध नसलेला माल एकाच आठवड्यात एकाच तळावरून ओढला, आपटला आणि घासला जातो. कारखान्यातून येणारा रंग पत्र्याला उत्तम चिकटलेला असतो खरा. परंतु तो मालाच्या घर्षणासाठी दिलेला नसतो, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजावी इतकी अल्प असते. सबब हौद्याला अस्तर हवे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणते अस्तर, आणि ते कोणत्या रीतीने लावलेले, हा.

अस्तर निवडताना बहुतेक लोक घावाचा विचार आधी करतात आणि पाण्याचा नंतर, किंवा करीतच नाहीत. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असावयास हवा. चिरा पडून तळाला पोचा आला तर गाडी कुरूप दिसते, परंतु त्या पोच्यामुळे गाडी निकामी होत नाही. उलट एखाद्या सळईच्या टोकाने रंगावर बोटभर ओरखडा काढला आणि त्या ओरखड्यात पाणी, हवा व क्षार यांचा संयोग झाला, की तेथे धरलेला गंज रंगाच्या खालून, बाहेर काहीही न दाखवता, चारी दिशांना पसरू लागतो. आणि पृष्ठभागावर फोड दिसेतो खालच्या पत्र्याची निम्मी जाडी खर्ची पडलेली असते. आता विचार करा की त्या ओरखड्यावर आपण एखादे जाड, जड, न हलणारे अस्तर टाकले आहे, ज्याच्या खाली पाणी शिरते पण निघत नाही, वारा पोहोचत नाही आणि ऊनही लागत नाही. अशा अस्तराने गाडीचे रक्षण होत नाही. गंजाला निवारा मात्र मिळतो. कोणत्याही अस्तराविषयी पहिला प्रश्न विचारावा तो असा: याच्या खाली गेलेले पाणी बाहेर कसे येणार?

दुसरा प्रश्न मालाचा. खताच्या गोणीतून सांडणारे दाणे अनेकांना निरुपद्रवी वाटतात. परंतु म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचे क्लोराइड आहे, म्हणजे लोखंडाच्या दृष्टीने ते मिठाचेच भावंड, आणि अमोनियम सल्फेट ओलाव्यात आम्लधर्मी होते. ही खते हवेतली आर्द्रता शोषून घेतात, त्यामुळे पाऊस नसतानाही हौद्याच्या सांध्यांत ओल टिकून राहते. शेळ्यामेंढ्यांचे मूत्र आणि कोंबड्यांची विष्ठा यांतील अमोनियाचा प्रकारही याच जातीचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून किंवा मालवण-वेंगुर्ल्याहून मासळी नेणाऱ्या गाडीचे तर बोलावयासच नको. तिच्या तळावर बर्फाचे वितळलेले पाणी आणि समुद्राचे मीठ अहोरात्र खेळत असते. याउलट केवळ भाजीपाला नेणाऱ्या घाटावरच्या गाडीला पाणी लागते ते थोडे आणि गोडे. तिला उपद्रव होतो तो क्रेटच्या घर्षणाचा. वाळू, खडी आणि चिरे वाहणाऱ्या गाडीचे दुखणे आणखी वेगळे, म्हणजे शुद्ध आघाताचे व खरवडण्याचे. शेजाऱ्याच्या गाडीला जे अस्तर दहा वर्षे टिकले, ते आपल्याही गाडीला टिकेल असे गृहीत धरण्यापूर्वी शेजारी काय वाहतो याची खातरजमा करावी.

तिसरा प्रश्न वजनाचा, आणि तो जवळजवळ कोणीच विचारीत नाही. लोखंडाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरमागे सुमारे २३.५ किलो भरते; ॲल्युमिनियमचे त्याच जाडीला ८ किलो; ६ मिलिमीटर जाडीच्या रबरी मॅटचे ७ ते ९ किलो; आणि ३ मिलिमीटर जाडीच्या फवारलेल्या लेपाचे जेमतेम ३ ते साडेतीन किलो. नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर येते. म्हणजे एवढ्या तळाला लोखंडी पत्रा मारला की गाडी १०८ किलोंनी जड झाली, आणि चेकर प्लेटच्या अंगावरील उठावांचे व बाजूंच्या पट्ट्यांचे वजन त्याहून वेगळे. दीड-पावणेदोन टन वाहणाऱ्या मोठ्या पिकअपला हा भार सोसतो. परंतु २००५ साली बाजारात आलेली आणि सर्वतोमुखी ‘छोटा हत्ती’ झालेली टाटा एस घ्या: तिची क्षमता सुमारे पाऊण टन, हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट. तिच्या तळाला तोच पत्रा ७६ किलोंचा होतो, म्हणजे मालकाने आपल्या क्षमतेचा दहावा हिस्सा कायमचा विकून टाकला; आणि रिकाम्या परतीच्या खेपेतही त्या वजनाचे डिझेल जळतच राहणार. शिवाय नोंदणी पुस्तिकेत लिहिलेले एकूण वजन या कामाने वाढत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, क्षमतेबाहेर भार वाहिल्यास २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे, आणि वजनकाट्यावर अस्तराचे किलो व कांद्याचे किलो वेगळे मोजले जात नाहीत. त्याच अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. तेव्हा अस्तराच्या निमित्ताने बाजूचे फाळके उंच करून घेण्याचा मोह बॉडी बांधणाऱ्याने कितीही भरीस घातले तरी टाळावा.

आता प्रत्यक्ष प्रकारांकडे वळू.

आपल्याकडे सर्वांत प्रचलित आहे ती लोखंडी चेकर प्लेट. खडी, चिरे, सळया आणि यंत्रांचे सुटे भाग वाहणाऱ्यांना तिच्यासारखा आधार नाही, हे निर्विवाद. फावडे तिच्यावर निःशंक चालवावे, जॅक टेकवावा, पहार पडली तरी चिंता करू नये. परंतु तिचा घात होतो तो बसवण्याच्या पद्धतीत. कारागीर मूळ तळावर प्लेट अंथरतो आणि कडेने ठिकठिकाणी वेल्डिंगचे टाके मारतो. प्रत्येक टाक्याच्या उष्णतेने मूळ पत्र्याचा वरचा रंग तर जळतोच, पण खालच्या अंगाचा, जो मालकाला दिसतही नाही, तोही जळतो. आणि पहिल्याच पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल त्या उघड्या जागांवर जाऊन बसतो. शिवाय तळ पन्हाळीदार असल्यामुळे वरची सपाट प्लेट व खालच्या पन्हाळी यांच्यामध्ये लांबच लांब पोकळ नळ्या तयार होतात, ज्यांत माती आणि पाणी साठत राहते. म्हणून प्लेट घ्यावयाचीच असेल, तर ती वेल्डिंगऐवजी नट-बोल्टांनी बसवून घ्यावी. मूळ तळ आधी स्वच्छ करून त्याला आणि प्लेटच्या दोन्ही अंगांना, विशेषतः खालच्या अंगाला, रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. आणि पन्हाळीच्या तोंडाशी असलेली निचऱ्याची भोके प्लेटखाली गाडली जाणार नाहीत हे स्वतः उभे राहून पाहावे. वेल्डिंग टाळता येतच नसेल, तर बॅटरीची ऋण बाजूची वायर काढल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नये, कारण अलीकडच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक त्या प्रवाहाने बिघडू शकतात. डिझेलची टाकी व वायरिंग कोठून जाते तेही आधी दाखवून घ्यावे. जळालेल्या प्रत्येक जागी खालच्या बाजूने त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर लागला पाहिजे. ‘उद्या मारतो’ म्हणणाऱ्या कारागिराचा उद्या बहुधा उजाडत नाही.

ॲल्युमिनियमची चेकर प्लेट हलकी, न गंजणारी आणि दिसावयास देखणी; फुले, भाजी, पार्सल अशा हलक्या मालास ती फार चांगली. मात्र ॲल्युमिनियम व लोखंड यांचा उघडा स्पर्श होऊन मध्ये खारे पाणी आले, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते व ॲल्युमिनियम झिजू लागते. लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की ओळखावे. दोहोंच्या मध्ये रबराची पट्टी आणि जोडणीस स्टेनलेसचे बोल्ट व नायलॉनचे वॉशर घातले तर घाटावर काम निभते. मासळीच्या गाडीला मात्र हे अस्तर मी सुचवणार नाही.

रबरी मॅट हा सर्वांत स्वस्त, सर्वांत सुलभ आणि म्हणूनच सर्वांत गैरवापर होणारा प्रकार. तिचे गुण मोठे आहेत: माल सरकत नाही, क्रेट आपटले तरी आवाज व धक्का दोन्ही जिरतात, जनावरांचे खूर घसरत नाहीत. परंतु मॅट एकदा टाकली की मालक ती उचलावयाची असते हेच विसरतो. बॉडीच्या एका कारखान्यात, काही वर्षे मॅटखाली राहिलेला हौदा उघडताना मी जवळून पाहिला आहे. वरून मॅट अगदी शाबूत होती. ती गुंडाळताच खालून आंबट, कुजट वास आला. पन्हाळीच्या प्रत्येक खोबणीत कांद्याच्या साली, माती आणि भाताचा तूस यांचा काळा चिखल बसला होता, आणि कारागिराने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले तर गंजाचे पापुद्रे एकावर एक सुटून आले, इतके की शेवटी टोक आरपार गेले व खालचे चाक दिसू लागले. त्या हौद्याला घाव एकही नव्हता. पावसाळ्यात दर आठवड्यास आणि एरवी महिन्यातून एकदा मॅट उचलून फाळक्यावर उलटी वाळत घालावी, तळ पाण्याने धुऊन कोरडा होऊ द्यावा. जो हे करणार नाही त्याने मॅट घेऊ नये. घेताना खालच्या बाजूस खोबणी किंवा लहान गुठळ्या असलेली मॅट घ्यावी, म्हणजे पाण्याला वाट राहते. आणि ती दोन किंवा तीन तुकड्यांत घ्यावी, कारण नऊ फुटांची अखंड मॅट एकट्या माणसाच्याने उचलत नाही, आणि जे उचलत नाही ते उचलले जात नाही. साध्या रबराला तेल व डिझेल मानवत नाही, ते फुगते. ज्यांच्या गाडीत तेलाचे डबे नित्य असतात त्यांनी नायट्राइल रबराची मागणी करावी. खडी-क्रशरवरचा जुना कन्व्हेअर बेल्ट कापून अंथरण्याचा प्रघात किफायतशीर आहे आणि टिकाऊपणात त्याची बरोबरी नव्या मॅटला येत नाही. परंतु त्यावरून पूर्वी काय वाहिले गेले हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा उघड्या भाजीपाल्याखाली किंवा जनावरांखाली तो वापरू नये.

प्लायवूडविषयी थोडक्यात. त्याच्या कडा पाणी पितात, आणि एकदा फुगलेले प्लाय वाळले तरी पूर्वस्थितीवर येत नाही. मरीन प्लाय, कडा रेझिनने बंद करून, कोरड्या मालासाठी चालते. पावसात उघड्या हौद्याला नको.

बाहेरच्या देशांत, मुख्यत्वे अमेरिकेत, हौद्याच्या मापाने साचात घडवलेले उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे अखंड कवच फार खपते. आपल्याकडे ते इसुझूच्या डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटाच्या हायलक्ससारख्या गाड्यांच्या मालकांना उपलब्ध होते. ते हलके, रसायनांना दाद न देणारे आणि पोचे अडवणारे आहे. पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने माल घसरतो, आणि गाडीच्या कंपनाने ते खालच्या रंगावर सतत घासत राहते, त्यात बारीक वाळू शिरली तर ती काचकागदाचे काम करते. याहून गंभीर गोष्ट अशी की प्लॅस्टिक विद्युत्‌रोधक असल्यामुळे त्यावर ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात भरताना निर्माण होणारी स्थिर विद्युत जमिनीत उतरत नाही व ठिणगी पडू शकते. अशा आगींमुळे १९९८ साली अमेरिकेतील कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने जाहीर इशारा दिला होता. फवारणी यंत्रासाठी किंवा पॉवर वीडरसाठी पेट्रोल नेणाऱ्या शेतकऱ्याने, हौद्याचे अस्तर कोणतेही असो, डबा गाडीतच ठेवून भरून घेऊ नये. तो खाली उतरवून जमिनीवर टेकवावा आणि मगच भरावा.

राहिला फवारलेल्या लेपाचा प्रकार, ज्याकडे माझा सर्वसाधारण कल आहे. त्यात पॉलियुरेथेन आणि पॉलियुरिया अशा दोन जाती येतात. पॉलियुरिया काही सेकंदांत घट्ट होते, त्यामुळे ते तापवलेल्या नळ्यांच्या उच्च दाबाच्या यंत्रावाचून मारता येत नाही, आणि दमट हवेचा त्यावर तुलनेने कमी परिणाम होतो. पॉलियुरेथेन सावकाश बसते, त्यामुळे ओल्या हवेत त्यात बुडबुडे येण्याची भीती अधिक. बाजारात डब्यातून रोलरने लावावयाचा जो लेप मिळतो तो निराळा व पातळ. तो उत्तम रंग आहे, पण यंत्राने मारलेल्या लेपाची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. यंत्राने मारलेला लेप साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो, आणि त्याचे सारे मोल एका गोष्टीत आहे: तो पत्र्याशी एकजीव होतो, त्यामुळे त्याच्या खाली पाण्याला जागाच उरत नाही. ही एकजीवता पूर्वतयारीवर अवलंबून असते. तेलकटपणा सॉल्व्हंटने पुसला, जुना रंग पॉलिश पेपरने खरवडला, गंज धातूपर्यंत काढला, प्रायमर दिला, तर लेप वर्षानुवर्षे हलत नाही. आणि गंजावरच मारला, तर खाली चाललेले काम वरून दिसणार नाही एवढेच काय ते साधते. म्हणून लेप नव्या गाडीलाच द्यावा, पहिला ओरखडा पडण्यापूर्वी. जुन्या गाडीच्या मालकाने आधी पत्र्याचे काम करून घ्यावे, मग लेपाचा विचार करावा.

लेपाच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. तीन मिलिमीटरचा लेप ओरखडा अडवतो, पोचा अडवीत नाही. स्वस्त जातीचा काळा लेप उन्हाने पांढुरका पडतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी वरचा थर ॲलिफॅटिक जातीचा, म्हणजे उन्हात न विटणारा, मागून घ्यावा. आणि हे काम जो मजूर करतो त्याच्या फुप्फुसांची काळजी मालकानेही वाहिली पाहिजे: या लेपातील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्याने दम्याचा विकार जडतो, आणि एकदा जडला की अत्यल्प मात्राही त्रास देते. जेथे फवारणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून उभा आहे, तेथे आपली गाडी देऊ नये. ताज्या हवेचा पुरवठा असलेला मुखवटा नसेल तर ते दुकान, त्याचा दर कितीही कमी असो, वर्ज्य समजावे.

मासळीवाल्यांसाठी स्वतंत्र शब्द लिहिणे आवश्यक वाटते. त्यांच्या गाडीला केवळ तळाचे अस्तर पुरत नाही. लेप किंवा फायबरग्लासचे अस्तर तळापासून बाजूंवर किमान वीतभर अखंड चढले पाहिजे, कोपरे गोलाई दिलेले हवेत, आणि पाण्याला एकच निश्चित वाट असावी, जी तोटी लावलेल्या टाकीत उतरेल. कोकणातल्या आणि गोव्यातल्या रस्त्यांवर मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी वळणावर पसरते व मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, हे त्या रस्त्यांवरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ती टाकी बसवावयास अस्तराच्या एकूण खर्चाचा अल्पसा भाग लागतो. तेवढ्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एकच उत्तर मागणाऱ्या वाचकाला मी असे सांगेन: मिश्र माल वाहणाऱ्या नव्या गाडीला यंत्राने मारलेला लेप आणि त्यावर सुटी, तुकड्यांची रबरी मॅट, खडी-चिऱ्यांच्या गाडीला बोल्टांनी बसवलेली लोखंडी चेकर प्लेट, मासळीला अखंड लेप किंवा फायबरग्लास, आणि पैसा हाताशी नसलेल्या जुन्या गाडीच्या मालकाला, गंज काढून दिलेला रेड ऑक्साइड, दोन हात रंग व नित्य उचलली जाणारी मॅट. या शेवटच्या उपायात कमीपणा मानू नये. निगा राखली तर तो महागड्या पण दुर्लक्षित अस्तराहून अधिक काळ टिकतो.

काम देताना पावतीवर लेपाची किंवा पत्र्याची जाडी, त्याची जात, पूर्वतयारीत काय काय केले जाणार आणि सुटल्यास किती मुदतीत बिनतक्रार दुरुस्त करून देणार, एवढा मजकूर लिहून घ्यावा. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी हौद्यात दोन बादल्या पाणी ओतावे, आणि ते शेवटच्या थेंबापर्यंत कोठून बाहेर पडते हे वाकून खालून पाहावे. पाणी कोठेही साचले, तर राहिलेले पैसे त्या दिवशी देऊ नयेत.